परतीचं पीठ

घोडेगावच्या आमच्या ऑफिसात घड्याळ नव्हतं. पाटी होती. शाळेतल्या पोरांची असते तशीच, लाकडी चौकटीची, एका कोपऱ्याला तडा गेलेली. खंडूभाऊंच्या खुर्चीमागे खिळ्याला ती टांगलेली असायची आणि तिच्यावर खडूने एकच आकडा लिहिलेला असायचा. नवा माणूस आला की विचारायचा, "हा काय, रोल नंबर का कुणाचा?" खंडूभाऊ चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "दिवस हायेत." पुढे काही विचारायची सोय नसायची.

दर शनिवारी जेवण झालं की ते पासबुक आणि वही पुढ्यात घ्यायचे. ओठ हलवत भागाकार करायचे, ओल्या फडक्याने जुना आकडा पुसायचे आणि नवा लिहायचे. उद्यापासून कुणी आपल्याला एक रुपयाही दिला नाही, तर आपलं काम किती दिवस चालेल, त्याचा तो आकडा. एकशे ऐंशीच्या आसपास असला की खडू चौकटीवर ठेवून ते तंबाखूची डबी उघडायचे. एकशे सत्तर झाला की त्या आठवड्यात आमचा चहा बंद.

आमची संस्था अगदीच लहान. एका डॉक्टरांनी निवृत्त झाल्यावर सुरू केलेली. आंबेगावच्या पश्चिमेला डोंगरात ज्या वाड्या आहेत, तिथल्या फीट येणाऱ्या माणसांना नियमित औषध पोचवायचं, एवढंच आमचं काम. सदतीस माणसं होती यादीत. डॉक्टर महिन्यातून दोनदा तपासायला यायचे, मी स्कूटीवरून वाड्या-वस्त्यांवर गोळ्या पोचवायची, आणि हिशेब खंडूभाऊंकडे. फीटच्या गोळीचं एक आहे. रोज घेतली तर माणूस तुमच्या-आमच्यासारखा जगतो. मधेच बंद झाली तर फीट परत येते, आणि येते ती पहिल्यापेक्षा वाईट. हे मी लोकांना हजार वेळा सांगितलंय. दारात बसून, चुलीपुढे बसून, बांधावर उभी राहून सांगितलंय. मलाच ते कधी विसरायला होईल असं वाटलं नव्हतं.

खंडूभाऊ बेल्ह्याकडचे. घराणं मेंढपाळांचं. थोरल्या भावाकडे अजून मेंढरं होती, त्यातली चार-सहा यांच्या नावाची. स्वतः एका शाळेत हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. अंगाने काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक कायम बिनशाईचं. आम्ही त्यांना मागे 'कुलूप' म्हणायचो. पत्राच्या पाकिटाला लावलेली टाचणी ते काढून डबीत ठेवायचे. आलेली पाकिटं उलटी करून परत चिकटवायचे. एका बाजूला लिहून टाकून दिलेला कागद त्यांना दिसला, की तो कुणाचा आहे हे आधी शोधायचे आणि मग त्या माणसाच्या टेबलावर तो परत नेऊन ठेवायचे, कोरी बाजू वर करून. मी उठून बाहेर गेले की माझ्या डोक्यावरचा पंखा बंद. परत आले की मी चालू करायची, मुद्दाम खटकन आवाज करत.

मला राग पटकन येतो. मी आळे गावची, आमच्या घरात सगळेच तोंडावर बोलणारे. पहिल्या वर्षीच मी त्यांना म्हटलं, "भाऊ, सहा महिने पुरतील एवढे पैसे बँकेत ठेवायचे आणि इकडे चहाला दूध नाही. ही कुठली रीत?"

त्यांनी भाकरीचा घास मोडता मोडता मला सांगितलं ते असं.

त्यांच्या लहानपणी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन सगळं बिऱ्हाड कोकणात उतरायचं. घोडीवर भांडी, वाकळ, पोरं आणि पिठाची गाठोडी. त्यातलं सगळ्यात खालचं गाठोडं त्यांची आई स्वतः बांधायची. त्याला परतीचं पीठ म्हणायचे. जाताना ते सोडायचं नाही. खाली उतरल्यावर उपास पडला तरी सोडायचं नाही. मेंढरांची तोंडं घाटाकडे वळली आणि सगळ्यात पुढची मेंढी पहिला चढ चढली, की मगच आई त्याची गाठ सोडणार. एका वर्षी खाली दुसऱ्या बिऱ्हाडातलं लग्न निघालं. खंडूभाऊंचे वडील जरा मोठेपणा करणारे. पाहुण्यांपुढे हात आखडता कसा घ्यायचा म्हणून त्यांनी ते गाठोडं काढून दिलं. परत निघाले तर घाटाच्या पायथ्याला अवकाळीने गाठलं. आठ दिवस हलता येईना. मेंढरं खोकायला लागली, ती कोण विकत घेणार? शेवटी घोडी विकून खाल्लं.

"आईनं समदा संसार डोक्यावर घेऊन नाणेघाट चढला," खंडूभाऊ म्हणाले. "चार खेपा केल्या. त्यानंतर ती ताठ उभी राहिलेली मी कवा बघितली न्हाई."

"आणि वडील?"

"त्यांचं काय. लग्नात लई नाव झालं त्यांचं."

मग डबा बंद करून ते म्हणाले, "ताई, घोडेगावातून कागद पुण्याला जायचा, साहेबाची सही व्हायची, चेक यायचा. लई लांबलं तर पाच महिने लागत्यात. आन एक महिना माणसाच्या आजारपणाचा. म्हणून सहा." मला ते तेव्हा क्लार्कचं गणित वाटलं.

पण त्या पाटीचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला होता, हेही सांगायला हवं. एकदा एक पुढारी आले. बरोबर चार पोरं, हातात मिठाईचा बॉक्स. त्यांचा वाढदिवस होता महिन्याभराने. म्हणाले, "तुमचं काम लई चांगलं आहे राव. मी वर्षाचा खर्च देतो. फक्त तुमचे पेशंट स्टेजवर आणा. माझ्या हाताने एकेकाला औषध देऊ, नाव पुकारून. फ्लेक्सवर फोटो येतील."

डोंगरातल्या घरात फीट म्हणजे काय असतं ते या माणसाला ठाऊक नव्हतं. आमच्या यादीतल्या बायका गोळ्यांची पाकिटं मशेरीच्या डबीत लपवायच्या. सख्ख्या नणंदेला कळू द्यायच्या नाहीत. यादीत एक सुगंधा नावाची मुलगी होती, एकोणीस वर्षांची. सोयरीक जवळपास ठरलेली. तिचं नाव माईकवरून पुकारलं असतं तर ती जन्मभर बापाच्या दारात बसली असती. डॉक्टर विचारात पडले. वर्षाचा खर्च म्हणजे काही थोडके पैसे नव्हते. मीही मनात हिशेब करायला लागले. आणि खंडूभाऊंनी मान मागे वळवून पाटी पाहिली. एकशे अठ्ठ्याहत्तर होते.

"नको साहेब," ते म्हणाले. "आमचं चाललंय. तुमी मिठाई मात्र ठेवून जा, ताई खातील." पुढारी चिडून गेले, मिठाईही घेऊन गेले. आम्ही पोट धरून हसलो. त्या शनिवारी चहाला दूध होतं.

सुगंधाबद्दल अजून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी येतं. ती पंधरा वर्षांची असताना बुधाजी, म्हणजे तिचा बाप, तिला पाठीवर घेऊन आमच्याकडे आला होता. चुलीत पडून हात भाजलेला. तेव्हा दिवसाआड फीट यायची. गोळी सुरू झाली आणि चार वर्षांत एकदाही आली नाही. माझी स्कूटी खालच्या वळणावर वाजली की ती पळत यायची, आणि गोळ्या राहू देत, आधी माझ्या पिशवीतला जुना पेपर मागायची. वाचायला. खंडूभाऊ तिच्यासाठी पेपर घडी घालून ठेवायचे. रद्दीवाल्याला द्यायचा पेपर फुकट देणारे खंडूभाऊ मी फक्त तिच्या बाबतीत पाहिले.

आता गाडीचं. हे सांगताना माझाच मला संताप येतो, पण सांगते.

पुण्याच्या एका कंपनीकडून आम्हाला दर वर्षी मदत यायची. उन्हाळ्यात त्यांच्या नव्या मॅडम पाहणीला आल्या. हुशार बाई, बोलायला गोड. काम पाहून त्यांचे डोळे भरून आले, खोटं नाही. मग त्यांनी ताळेबंद उघडला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"तुमच्याकडे इतके पैसे पडून आहेत. मग आमचे कशाला हवेत? आमच्या कमिटीला मी तुमची गरज कशी दाखवू?"

"पडून न्हाईत मॅडम," खंडूभाऊ म्हणाले. "राखणीला बसल्यात."

मॅडम हसल्या. "काका, हे पैसे कामाला लावा. काहीतरी दिसेल असं करा. पुढच्या वर्षाचं आम्ही आहोतच की."

त्या गेल्यावर डॉक्टर, खंडूभाऊ आणि मी असे तिघे बसलो. ठेव मोडायला तिघांच्या सह्या लागायच्या, हा नियम खंडूभाऊंनीच घालून घेतलेला. डॉक्टरांना गाडी हवी होती. मला तर हवीच होती. पावसाळ्यात त्या चढांवर स्कूटी घसरून मी दोनदा हात मोडून घेतलाय. जुनी जीप बघून ठेवली होती, ठेवीत बसत होती. आणि ठेव संपली की आमची गरजही कागदावर दिसणार होती. सगळं कसं नीट जुळत होतं. मोडता घालणारा एकच माणूस.

"गाडी येईल," खंडूभाऊ म्हणाले, "पण तिच्यात बसून जायचं कशाला? गोळी द्यायला. ती कुठून आणायची?"

"मे अखेर चेक येणारच आहे."

"आला तर."

"दर वर्षी येतो!"

"दर वर्षी घाटात ऊनच असायचं, ताई."

आणि मी बोलले. डॉक्टरांसमोर बोलले. "भाऊ, तुम्ही या पैशावर नागासारखे बसलाय. लोकांनी पेशंटसाठी दिलेत ते, तुमच्या हौसेसाठी नाही. मेल्यावर बरोबर नेणार आहात का?"

खंडूभाऊंनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. खिशातली दोन्ही पेनं काढून बघितली, शाईचं कुठलं ते. आणि सही केली. वाद घातला नाही, रागावले नाहीत. मी जिंकले असं मला वाटलं, आणि त्याचा मला आनंद झाला. हा आनंद मी विसरू शकत नाही.

अक्षय तृतीयेला गाडी आली. नारळ फोडला, हार घातला. दरवाजावर कंपनीचं आणि आमचं नाव रंगवून घेतलं. बुधाजीने येऊन गाडीला हात लावून नमस्कार केला, आणि सुगंधा चाकं मोजल्यासारखी तिच्याभोवती दोन चकरा मारून हसली. त्या शनिवारी पाटीवर एक्केचाळीस लिहिलेले होते. मी त्या दिवशी पाटीकडे पाहिलंच नाही. नंतर वहीत पाहिलं.

मे संपला. चेक आला नाही. मॅडमना फोन केला तर त्यांची बदली झालेली. नवे साहेब म्हणाले, बोर्डाची मीटिंग झाली की कळवतो. मीटिंग पुढे गेली. एकदा नाही, तीनदा पुढे गेली. दर वेळी "पुढच्या आठवड्यात". आणि आम्ही दर वेळी तसंच समजून चाललो. खंडूभाऊंनी स्वतःचं मानधन बंद केलं, मग माझं थांबलं. गाडीचा ड्रायव्हर दुसरीकडे गेला. गाडी ऑफिसपुढे उभी, हार वाळून तिच्या आरशाला तसाच लटकलेला. विकावी म्हटलं तर कागद अजून आमच्या नावावर झाले नव्हते. गोळ्यांचा व्यापारी म्हणाला, आधीची बाकी द्या, मग पुढचं बोला. पाटीवरचा आकडा आधी पंचवीस, मग अकरा, मग चार झाला. खंडूभाऊ तो रोज लिहायला लागले होते.

जुलैत भाताची आवणी, म्हणजे लावणी, सुरू झाली. कपाटात गोळ्या उरल्या होत्या त्या अठरा माणसांना पंधरा दिवस पुरतील इतक्या. आणि माणसं सदतीस. डॉक्टर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला लेकीकडे. मी एकदा फोन केला. लेक म्हणाली, बाबा झोपलेत, उठले की सांगते. मी परत फोन केला नाही.

मी यादी घेऊन बसले. ज्यांना दोन-दोन वर्षांत फीट आलेली नाही, ते थोडे दिवस थांबू शकतील, असं मी ठरवलं. मी. डॉक्टरही नाही, नर्सही नाही. एकोणीस नावांपुढे मी लाल पेनाने फुली मारली. सुगंधाचं नाव त्यात वरूनच तिसरं होतं. चार वर्षं फीट नाही, म्हणजे ती सगळ्यात ठणठणीत, असा माझा हिशेब.

खंडूभाऊ मागे येऊन उभे राहिले. "डॉक्टरांना इचारलं का?"

"ते झोपलेत."

"मंग माझं ऐका. कुणाला वगळू नका. सगळ्यांना सात-सात दिवसांची द्या. तवर मी बेल्ह्याच्या बाजारातनं कायतरी करतो."

"आणि आठव्या दिवशी? सगळेच बोंबलत बसतील! निदान अठरा तरी नीट राहू देत. तुम्ही आकडे बघा भाऊ, पेशंट मला बघू द्या."

ते दुपारच्या गाडीने बेल्ह्याला गेले. मी वर जाऊन अठरा जणांना गोळ्या दिल्या आणि बाकीच्यांना म्हटलं, "पुढच्या सोमवारी नक्की." सुगंधाने मान हलवली, पेपर घेतला. मंचरला जाऊन विकत आणता आल्या असत्या त्यांना. पण आवणी चालू, घरातलं एक माणूसही हलणार नाही, आणि मी तर सोमवार सांगितला होता. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

सहाव्या दिवशी, भर दुपारी, बायका रांगेने आवणी करत होत्या. सुगंधा मागे राहिली. वाकलेलीच होती, तेव्हा कुणाला वाटलं कंबर धरली असेल. एकीने हाक मारली, दुसरीने मारली. मागे जाऊन पाहिलं तर ती चिखलात तोंड खाली घालून पडलेली. घोटाभर पाणी होतं. घोटाभरच.

सात दिवसांच्या गोळ्या दिल्या असत्या, तर त्या दिवशीही तिच्या डबीत गोळी असती.

खंडूभाऊ सातव्या दिवशी सकाळी आले. हातात गोळ्यांची पिशवी. नावावरची सहा मेंढरं विकली होती, व्यापाऱ्याची बाकी भागवली होती, सदतीस जणांची महिन्याची गोळी आणली होती. मी दारात उभी होते. मी सांगितलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली नाही. तशीच धरून ते माझ्याबरोबर एसटीने वर आले.

बुधाजीच्या अंगणात माणसं बसली होती. कालच सगळं उरकलेलं. आम्हाला पाट दिला, पाणी दिलं. बऱ्याच वेळाने बुधाजीने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं. रागाने नाही. त्याला खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं.

"ताई, गाडी तर नवी घेतली व्हती ना?"

खंडूभाऊंनी टोपी काढली. "चूक आमची हाये, बुधाजी. गोळी ठेवाया पायजे व्हती, ती आमी ठेवली न्हाई. आमच्या संस्थेची चूक हाये."

आमची, म्हणाले. लाल पेन कुणाच्या हातात होतं ते त्यांनी तिथे सांगितलं नाही, आणि पुढेही कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांना मी स्वतः सांगितलं. त्यांनी यादी वाचली आणि एवढंच म्हणाले, "संगीता, चार वर्षं फीट आली नाही ती गोळीमुळे." यादीवरच्या त्या फुल्या माझ्या होत्या, हे आज मी पहिल्यांदा लिहून ठेवते आहे.

घोडेगावला परतल्यावर खंडूभाऊ आत गेले. शनिवार नव्हता, तरी पाटी पुसून त्यांनी आकडा लिहिला. नऊ, आणलेल्या गोळ्या सोडून. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गाडी विकून किती येतील याचा हिशेब मांडला. मग कागद फायलीला लावला.

"तुमी गेलात तर गोळ्या कोण पोचवणार?" ते म्हणाले. "बसा."

गाडी तोट्यात गेली. कंपनीकडून पत्र आलं, आता त्यांचा भर पाण्याच्या कामावर आहे म्हणून. शुभेच्छा दिल्या होत्या. खंडूभाऊंनी नवीन नाव यादीत घ्यायचं नाही असं ठरवलं. कुणी आलं तर त्याला पुण्याच्या मोठ्या दवाखान्याचं नाव सांगून परत पाठवायचं. मला ते कसंसंच वाटायचं, पण आता मी त्यांच्यापुढे आवाज चढवत नव्हते.

आणि ते बेल्ह्याच्या बाजाराला जायला लागले. दर आठवड्याला. बाजारातले मेंढपाळ त्यांचे भाऊबंद, ओळखीपाळखीचे. प्रत्येकाकडे ते एकच गोष्ट मागायचे: एक कोकरू आमच्या नावाने पाळा. पाठीवर निळ्या रंगाचा ठिपका द्या. मोठं झालं की याच बाजारात विका, पैसे आमचे. कुणी विचारलं, "पावणं, पावती देता का? फोटो काढता का?" तर म्हणायचे, "पावती देतो. फोटो न्हाई." एकदा मी बरोबर गेले होते. शेणामुतात, टेंपोंच्या गर्दीत, हा टोपीवाला म्हातारा एकेका मेंढीची पाठ चाचपत फिरत होता. निळा ठिपका दिसला की थांबून तिच्या तोंडाकडे बघायचा. दुपारी माझ्याशेजारी बसून भाकरी खाताना त्यांना घास जाईना. पाणी पिऊन डबा बंद केला. पोटात आजार होता, तेव्हापासूनच असणार. बोलले नाहीत.

पाटीवर आकडा चढत होता. पण एका शनिवारी मला तो चुकलेला वाटला. वही घेऊन मी भागाकार केला. "भाऊ, तुम्ही सदतीसने भागलंत. आता छत्तीस आहेत."

"सदतीसच."

"भाऊ..."

"तिची धरायची," ते म्हणाले. "एकदा आपण धरली न्हाई."

नवी गोळी आली की ते सुगंधाचं पाकीट वेगळं भरायचे, नाव घालायचे, कपाटात वरच्या फळीवर ठेवायचे. मुदत संपायला आली की मी ते दुसऱ्या कुणाला देत असे. ते नवं भरायचे.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्यांचं येणं थांबलं. ससूनला नेलं, परत आणलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, भेटून ये. त्या शनिवारी मी त्यांच्या खुर्चीत बसून हिशेब केला. आकडा एकशे पंच्याहत्तर येत होता. मला त्यांना एकशे ऐंशी सांगायचा होता. मग छत्तीसने भागलं. बरोबर एकशे ऐंशी आले. पाटीवर लिहिले, आणि बेल्ह्याची गाडी धरली.

भावाच्या घरापुढे, मेंढरांच्या कुंपणाशेजारी त्यांची बाज टाकली होती. ऊन होतं, तरी अंगावर घोंगडी. टोपी उशाशी. चेहरा इतका लहान झाला होता की मी आधी ओळखलंच नाही. पोटात पाणीही ठरत नव्हतं. मी हात धरला तर त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं विचारलं ते तेच.

"दिवस किती?"

"एकशे ऐंशी, भाऊ. पूर्ण झाले."

ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलायला लागले. मला वाटलं पाणी मागताहेत. पण ते शनिवारी हलायचे तसे हलत होते. कुंपणापलीकडे एक मेंढी खोकली, तिकडे त्यांनी एकदा मान वळवली, परत माझ्याकडे बघितलं.

"सदतीस धरून?"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. त्यांनी माझ्या हातातून आपला हात काढून घेतला नाही.

"म्हणजे एकशे पंच्याहत्तर," ते म्हणाले. "पाच कमी हायेत अजून. जावा ताई, बस चुकंल."